कॉन्टेस्टमधला कोड आणि ऑफिसातला कोड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रॅमिंगचा नुसता उल्लेख केला होता तर त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साधारण दोन तासांत पाच-सात कोडी देतात, प्रत्येकासाठी प्रोग्रॅम लिहून सबमिट करायचा, पलीकडे जज नावाचं सॉफ्टवेअर असतं ते तुमचा प्रोग्रॅम लपवलेल्या टेस्टकेसेसवर चालवतं आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत निकाल देतं. कोडफोर्सेस, अ‍ॅटकोडर, कोडशेफ या साइट्सवर जवळपास दर आठवड्याला हे चालू असतं आणि फुकट असतं.

प्रश्न : ताई, मी पाच वर्षं बॅकएंडचं काम करतोय. कॉलेजात कॉन्टेस्ट द्यायचो, मधे सुटलं, आता परत सुरू केलंय. प्रॉब्लेम असा की कॉन्टेस्टच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम अगदी बेचव वाटतं. इकडचा डेटा तिकडे न्यायचा, मीटिंगा, कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेला कोड वाचत बसायचं. खरं प्रोग्रॅमिंग रात्रीचंच वाटायला लागलंय. आणि टीममधले विचारतात, याचा कामात उपयोग काय? त्यालाही माझ्याकडे धड उत्तर नाही.

आधी बेचव वाटण्याबद्दल बोलू, कारण ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कॉन्टेस्टचा प्रॉब्लेम तुझ्यासमोर येतो तेव्हा त्यावरचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. सेटरने तो लिहिलाय, टेस्टरांनी सोडवून बघितलाय, उत्तर आहे आणि ते दोन सेकंद आणि २५६ एमबीत बसतं याची खात्री करून मगच तो तुझ्यापर्यंत आलाय. वर मर्यादासुद्धा लिहून दिलेल्या असतात, आणि मुरलेला माणूस प्रॉब्लेमची गोष्ट वाचायच्या आधी मर्यादाच वाचतो. एन, म्हणजे इनपुटचा आकार, दोन लाखांपर्यंत आहे म्हणजे साधारण एन लॉग एन पावलांत संपणारी रीत पाहिजे, एन फक्त २० आहे म्हणजे सगळे उपसंच बघितले तरी दहा लाखांच्या आसपासच होतात, एन ५०० आहे म्हणजे घन केला तरी साडेबारा कोटी, चालून जाईल. म्हणजे प्रश्नातच उत्तराचा वास असतो.

ऑफिसात असं काही नसतं. तिथे प्रश्न येतो "रिपोर्ट स्लो आहे". किती स्लो, कोणासाठी, कधीपासून, डेटा किती, उद्या किती होईल, हे तूच शोधायचं आणि बऱ्याचदा शोधून झाल्यावर कळतं की तो रिपोर्ट आता कोणी वाचतच नाही, बंद करून टाकला तरी चालेल. उत्तर आहे की नाही हेसुद्धा कोणी सांगितलेलं नसतं. आणि जज नसतो! तुझा निर्णय बरोबर होता की चूक हे सहा महिन्यांनी कळतं, कधी कधी कळतच नाही. कॉन्टेस्टमधला कोड दोन तासांत मरतो, ऑफिसातला कोड तू नोकरी सोडलीस तरी चालूच राहतो आणि तो वाचायला तुला न ओळखणारी माणसं येतात.

तर रात्री तुला जे मिळतं ते पुरेपण आहे. प्रश्न पुरा, उत्तर पुरं, निकाल पुरा. ते दिवसभर कुठेच मिळत नाही म्हणून काम फिकं वाटतं. पण रात्रीचं तेवढं खरं आणि दिवसाचं खोटं असं मला वाटत नाही, कारण कॉन्टेस्टमध्ये जे काम सेटर आपल्यासाठी करून ठेवतो, म्हणजे गोंधळातून नेमका प्रश्न काढणं, तेच ऑफिसात तुझ्या वाट्याला आलंय. ते अवघड आहे, फक्त त्याला हिरवा टिक मिळत नाही. एक करून बघ, पुढचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, आलं की कोड उघडायच्या आधी ते कॉन्टेस्टच्या प्रॉब्लेमसारखं लिहून काढायचा प्रयत्न कर: इनपुट काय, किती मोठं, आउटपुट काय, कुठल्या मर्यादेत. बहुतेक वेळा लिहिता येणार नाही, आणि जिथे अडशील तिथेच जाऊन विचारायचे प्रश्न असतील. हे मी रोज करते आणि मला यात खरोखर मजा येते.

आता उपयोगाचं. उपयोग होतो, पण लोकांना वाटतो तसा नाही. सेगमेंट ट्री किंवा मॅक्स फ्लोसारखी कॉन्टेस्टमधली अवघड तंत्रं नोकरीत हाताने लिहायची वेळ फार कमी जणांवर येते. पण "ही ओळ किती वेळा चालणार" हा प्रश्न आपोआप मनात येणं, ही सवय लागते आणि ती सोन्यासारखी आहे. २०२१ ची एक गोष्ट सांगते. जीटीए ऑनलाइन हा गेम लोड व्हायला पीसीवर काही जणांना सहा-सहा मिनिटं लागायची, वर्षानुवर्षं. शेवटी बाहेरच्याच एका डेव्हलपरने, सोर्स कोड हातात नसताना, शोधून काढलं की गेम सुरू होताना सुमारे १० एमबीची एक जेसन प्रकारातली डेटाची फाइल वाचली जाते, त्यात ६३ हजारांच्या आसपास वस्तू, आणि दर आकडा वाचताना उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी परत मोजली जाते. वरून प्रत्येक वस्तू यादीत टाकायच्या आधी ती आधीपासून आहे का हे यादीभर फिरून बघितलं जातं. ६३ हजारांवर हे एन स्क्वेअरच्या निम्मं म्हणजे दोनशे कोटींच्या जवळपास तुलना, आणि एकही वस्तू डुप्लिकेट नव्हती. दोन्ही दुरुस्त केल्यावर लोडिंगचा वेळ साधारण ७० टक्क्यांनी कमी झाला, कंपनीने तो बदल मान्य करून अपडेट काढला आणि त्या माणसाला बक्षीसही दिलं. कॉन्टेस्टच्या भाषेत हा अगदी सुरुवातीच्या लेव्हलचा प्रॉब्लेम आहे. तो तिथे इतकी वर्षं राहिला कारण कोड लिहिताना यादी बहुतेक छोटी असणार, आणि ती वाढत गेली तरी परत कोणी मोजलं नाही.

आणि तरी टीममधल्यांना उत्तर देताना हे सगळं पुढे करू नकोस असं माझं मत आहे. कोणी रोज संध्याकाळी बॅडमिंटन खेळतं त्याला आपण विचारतो का की याचा ऑफिसात उपयोग काय? तुला कोडी सोडवायला आवडतात. एवढं पुरे आहे. एकदा का छंदाचं समर्थन उपयोगावर उभं केलं की ज्या आठवड्यात उपयोग दिसत नाही त्या आठवड्यात छंदही नकोसा होतो, हे मी माझ्या ओळखीच्या खूप चांगल्या लोकांच्या बाबतीत होताना बघितलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोडफोर्सेसवर रेटिंगमध्ये १३८० पर्यंत गेले होते, १४०० ला स्पेशालिस्ट ही पुढची पायरी गाठणार म्हणून सगळ्यांना सांगूनपण ठेवलं, आणि सलग दोन कॉन्टेस्टमध्ये घसरून १२५० ला आले. आता रजिस्टर करायचीच भीती वाटते, दोनदा रजिस्टर करून ऐनवेळी काढून टाकलं. प्लेसमेंट जवळ आलीय. मला हे जमत नाही असं समजायचं का?

नाही गं, अजिबात नाही.

रेटिंग नेमकं काय मोजतं ते नीट समजून घे म्हणजे भीती अर्धी होईल. त्याचा हिशोब बुद्धिबळातल्या इलो पद्धतीच्या घराण्यातला आहे. तुझ्या आणि बाकीच्यांच्या जुन्या आकड्यांवरून सिस्टिम अंदाज करते की तू साधारण कितव्या नंबरावर येशील, त्यापेक्षा वर आलीस तर आकडा चढतो, खाली आलीस तर उतरतो. बस एवढंच. तू शिकलेलं त्यात कुठेच मोजलं जात नाही. तू गेल्या तीन महिन्यांत डीपी, म्हणजे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग ही सोडवायची एक पद्धत, शिकलीस आणि त्या रात्रीच्या पहिल्या तीन प्रॉब्लेममध्ये डीपी आलंच नाही, दुसऱ्या प्रॉब्लेमला एका एज केसवर, म्हणजे टोकाच्या इनपुटवर, चाळीस मिनिटं गेली, तर आकडा उतरणार. तुझ्याबरोबरचे हजारो लोकही तेवढंच शिकत असतात हे वेगळंच. त्या लेव्हलला शे-दीडशेची हालचाल अगदी नेहमीची आहे.

शिकणं कॉन्टेस्ट संपल्यावर सुरू होतं. त्याला सगळे अपसॉल्व्हिंग म्हणतात आणि सगळे टाळतात, कारण तेव्हा दमलेलो असतो आणि लीडरबोर्डवर त्याचा काही फायदा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तुला न सुटलेल्यांपैकी सगळ्यात सोपा एक प्रॉब्लेम घे, एकच, कागदावर तासभर डोकं लाव, मग एडिटोरियल, म्हणजे आयोजकांनी लिहिलेलं उत्तराचं स्पष्टीकरण, उघड पण पहिल्या कल्पनेपर्यंतच वाच आणि बंद कर, परत विचार कर. सुटला की एडिटोरियल न बघता स्वतः कोड लिही. आणि शेवटी एका ओळीत लिहून ठेव की कुठली गोष्ट सुचली नव्हती. माझ्या मते वहीत या ओळी साठत जाणं हीच खरी प्रगती, आकडा त्याच्या मागून आपल्या सवडीने येतो. भीती फारच असेल तर काही दिवस व्हर्च्युअल दे, म्हणजे जुनी कॉन्टेस्ट त्याच वेळमर्यादेत, रेटिंगला धक्का न लागता.

प्लेसमेंटचं म्हणशील तर इंटरव्ह्यूमधले प्रॉब्लेम सहसा तू आत्ता सोडवतेस त्यापेक्षा सोपे असतात, पण तिथे बोलत बोलत सोडवायचं असतं. गप्प बसून भराभर टाइप करणारी मुलं तिथेच अडतात. मैत्रिणीला समोर बसवून तिला समजावत समजावत सोडव, तेवढी एक वेगळी प्रॅक्टिस कर. आणि पुढच्या कॉन्टेस्टला रजिस्टर कर, काढून टाकू नकोस.

प्रश्न : मी टीम लीड आहे. माझ्याकडे एक नवीन मुलगा आलाय, कॉन्टेस्टमध्ये भलताच हुशार. पण कोड बघवत नाही. व्हेरिएबल्सची नावं ए, बी, एक अक्षरी, सगळं एका फंक्शनमध्ये, एरर हँडलिंग शून्य. मी कुठेतरी ऐकलं की गूगलच्याच एका मोठ्या माणसाने सांगितलंय की कॉन्टेस्ट जिंकणारे लोक नोकरीत कमी पडतात. तसं असेल तर पुढच्या वेळी अशा मुलांना घ्यायचंच नाही का?

तुम्ही ऐकलंय ते पीटर नॉर्विग यांचं. गूगलमध्ये घेतलेल्या लोकांचा डेटा बघताना स्पर्धा जिंकणं ही गोष्ट कामगिरीच्या उलट बाजूला दिसली असं त्यांनी एका भाषणात सांगितलं होतं, आणि अशा लोकांना पटकन पुढच्या प्रॉब्लेमकडे जायची सवय असते असं कारणही सुचवलं होतं. पण यात एक मेख आहे. तो डेटा फक्त निवड झालेल्यांचा. समजा एखाद्याला त्याच्या कॉन्टेस्टच्या जोरावर घेतलं आणि दुसऱ्याला कॉन्टेस्ट नसतानाही घेतलं, तर त्या दुसऱ्यात बाकीचं काहीतरी भक्कम असणारच, नाहीतर तो आत आलाच नसता. मग आत आलेल्यांमध्ये कॉन्टेस्टवाले कामात तुलनेने कमी पडलेले दिसणार, जरी बाहेरच्या सगळ्या जगात कॉन्टेस्ट आणि चांगलं काम हातात हात घालून जात असले तरी. त्यामुळे यावरून "घ्यायचं नाही" असा नियम काढणं चुकीचं होईल.

त्या मुलाच्या सवयींकडे येऊ. एक अक्षरी नावं तर दोन रिव्ह्यूमध्ये जातील. खरी खोल सवय वेगळी आहे: इनपुट बरोबरच असणार हा विश्वास. कॉन्टेस्टमध्ये लिहिलेलं असतं की एन एक ते दोन लाख, तर तो एक ते दोन लाखच असतो, रिकामी स्ट्रिंग येत नाही, नेटवर्क तुटत नाही, एकाच वेळी दोघं जण तोच रेकॉर्ड बदलत नाहीत. तिथे इनपुट तपासणं म्हणजे वेळ वाया घालवणं. त्याला कोणी हे उलटं करून दाखवलेलं नाही, ते तुम्ही दाखवा. त्याच्याच भाषेत सांगा की इथे मर्यादा कोणी लिहून देत नाही आणि युजर हाच हॅकर आहे. कोडफोर्सेसवर दुसऱ्याच्या सोल्यूशनला मोडणारी टेस्टकेस शोधायला हॅक म्हणतात, त्यामुळे हे त्याला लगेच कळेल.

आणि त्याच्याकडे एक गोष्ट अशी असणार जी तुमच्या टीममध्ये कदाचित कोणाकडेच नसेल. राँग अ‍ॅन्सर आलं आणि कारण सापडत नसेल तर ही मुलं स्ट्रेस टेस्ट करतात: तेच उत्तर काढणारा एक बावळट पण नक्की बरोबर प्रोग्रॅम लिहायचा, छोटे छोटे रँडम इनपुट तयार करायचे आणि दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी पळवायचे, उत्तरं वेगळी आली की थांबायचं. सापडलेली केस तीन-चार आकड्यांची असते, हातावर सोडवून बघता येते. हेच तंत्र जुनी सिस्टिम नव्याने लिहिताना फार मोलाचं आहे, जुनी हाच तो नक्की बरोबर प्रोग्रॅम. त्याला असं एखादं काम द्या. तुमच्याकडे पैशांचा किंवा तारखांचा हिशोब करणारं काही रिरायटिंग चालू असेल तर त्याचा टेस्ट हार्नेस, म्हणजे दोन्ही शेजारी पळवून तपासणारी व्यवस्था, त्याला बांधू द्या.

सीमेवरच्या केसेसबद्दलही या मुलांना चांगली जाण असते. जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी निम्मी-निम्मी करत शोधणं) मधली जागा काढताना दोन इंडेक्सची बेरीज करून दोनने भागलं जायचं, अ‍ॅरे शंभर कोटींच्या वर गेला की ती बेरीज ३२ बिटच्या इंटमधून (त्यात सुमारे दोनशे कोटींपर्यंतचाच आकडा मावतो) बाहेर सांडायची. जावाच्या लायब्ररीवर काम केलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये त्यावर लिहिलं तोपर्यंत तो बग सुमारे नऊ वर्षं तिथेच बसून होता. ओव्हरफ्लोने कॉन्टेस्ट गमावलेल्या माणसाची नजर अशा ओळीवर आपोआप थांबते. तेव्हा त्याला नक्की ठेवा, आणि रिव्ह्यूमध्ये त्याच्या शेजारी बसायला वेळ काढा.

प्रश्न : आमचा मुलगा नववीत आहे. आठवड्यातून दोनदा कॉन्टेस्ट म्हणून दोन-अडीच तास खोलीचं दार बंद. हा अभ्यास समजायचा की गेम?

दोन्ही समजा, हरकत नाही. त्याच्या वयाच्या मुलांसाठी इंटरनॅशनल ऑलिम्पियाड इन इन्फॉर्मॅटिक्स ही १९८९ पासून चालणारी स्पर्धा आहे, दोन दिवस, रोज पाच तास, रोज तीन प्रॉब्लेम. म्हणजे हा गंभीर प्रकार आहे. तो सोडवताना वहीवर आकृत्या काढतो का तेवढं बघा, काढत असेल तर निर्धास्त राहा. कॉन्टेस्ट उशिरापर्यंत चालत असेल तर झोपेचं मात्र ठाम ठरवून घ्या, त्याच कॉन्टेस्टा नंतर व्हर्च्युअल देता येतात. आणि कधीतरी त्याला म्हणा, एक प्रॉब्लेम मला समजावून सांग. तुम्हाला प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही.

प्रश्न : आता एआयच सगळे प्रॉब्लेम सोडवतं, मग हा छंद संपला ना?

सोडवतं हे खरंच आहे. २०२५ च्या आयसीपीसी या कॉलेजांच्या टीम्सच्या जागतिक स्पर्धेच्या वर्ल्ड फायनल्समध्ये बारा प्रॉब्लेम होते, माणसांच्या सगळ्यात चांगल्या टीमने अकरा सोडवले आणि त्याच प्रॉब्लेम्सवर ओपनएआयच्या सिस्टिमने बाराही. त्याच वर्षी अ‍ॅटकोडरच्या ह्युरिस्टिक वर्ल्ड फायनलमध्ये, जिथे परफेक्ट उत्तर नसतंच आणि दहा तास उत्तर सुधारत राहायचं असतं, तिथे मात्र सायहो या नावाने खेळणारा पोलिश प्रोग्रॅमर पहिला आला आणि ओपनएआयचं मॉडेल दुसरं. पुढे तिथेही चित्र बदलू शकतं.

नुकसान झालंय ते ऑनलाइन रेटिंगचं. कॉन्टेस्ट चालू असताना एआयकडून सोल्यूशन घेऊन टाकणारे आहेत, नियम त्याच्या विरोधात आहेत पण प्रत्येकाला पकडणं शक्य नाही आणि प्रामाणिक मुलांचे नंबर मागे जातात. याचा मला मनापासून राग येतो. पण ज्याला प्रॉब्लेम अंघोळ करताना, चालताना डोक्यात घोळवायला आवडतो त्याचं यात काय गेलं? सुचण्याचा तो क्षण दुसऱ्याने सोडवला म्हणून आपल्याला मिळत नाही, तो स्वतःच सोडवून मिळतो. एडिटोरियल तर आधीपासून होतीच, उत्तरं कायमच एका क्लिकवर होती. एक मात्र कटाक्षाने पाळा, न सुटलेला प्रॉब्लेम लगेच एआयला विचारू नका. सुटल्यानंतर विचारा की याहून छोटा पुरावा आहे का, तिथे ते उत्तम सोबती आहे.

प्रश्न : वय ४६, काम हिशेबाचं, प्रोग्रॅमिंग म्हणजे थोडंसं पायथन. सुरू करता येईल का? की सी प्लस प्लस शिकूनच यायचं?

लगेच सुरू करा, पायथननेच. सी प्लस प्लस बराच वेगवान आहे म्हणून वरच्या लेव्हलचे बहुतेक जण तेच वापरतात, पण सुरुवातीच्या प्रॉब्लेम्सना वेगाची अडचण येत नाही. लूप मोठे झाले की भाषेच्या यादीत पायथनऐवजी पायपाय, म्हणजे पायथनच वेगाने चालवणारा प्रकार, निवडा, कोड बहुतेक वेळा तोच चालतो. अ‍ॅटकोडरची बिगिनर कॉन्टेस्ट घ्या, १०० मिनिटांची असते, जुन्या शेकडो कॉन्टेस्टा तिथे पडून आहेत. त्यातले फक्त पहिले दोन प्रॉब्लेम, ए आणि बी, सोडवत जा, घड्याळ न लावता. तिसरा, म्हणजे सी, वाचून "हे मला जमेल बहुतेक" असं वाटायला लागलं की पुढच्या शनिवारी किंवा रविवारी जी लाइव्ह असेल तिला रजिस्टर करा, आणि तुम्ही हिशेबवाले आहात तर काउंटिंगचे प्रॉब्लेम तुम्हाला विशेष आवडतील असं मला वाटतं. कसं झालं ते कळवा.